शेवटचा हप्ता देण्याआधी घरात पाणी सोडून बघा

रंगाचा वास जायच्या आत ठेकेदार शेवटचं बिल पुढे करतो. चकचकीत फरशी बघून घरमालक भुलतो, आणि पैसे एकदा पोचले की गवंडी फोन उचलत नाही. म्हणून तपासणी रंगापासून नको, पाण्यापासून सुरू करा. तिला तीन दिवस लागतील, हे ठेकेदाराला आधीच सांगून ठेवा.

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, तेव्हा पाण्याचा दिवस धरूनच हे ठरवायचं. बाथरूमच्या नहाणी ट्रॅपचं (सांडपाणी जिथून खाली जातं त्या जाळीच्या भोकाचं) तोंड प्लास्टिक आणि कापडाच्या बोळ्याने घट्ट बंद करा, उंबऱ्याशी सिमेंट-वाळूचा छोटा बांध घाला आणि दोन इंच पाणी भरा. ५ बाय ७ फुटांच्या बाथरूमला साधारण १६५ लिटर लागतं. ४८ तास तसंच ठेवा. मग खालच्या मजल्याचं छत आणि बाथरूमला लागून असलेल्या खोलीची भिंत तळापासून फूटभर हाताने चाचपून बघा. ओल डोळ्यांना दिसण्याआधी तळहाताला गार लागते. खरं तर ही चाचणी फरशी बसवण्याआधी, वॉटरप्रूफिंगच्या थरावरच व्हायला हवी. तेव्हा राहिली असेल तर आता तरी कराच. बोळा काढल्यावर पाणी कुठे रेंगाळतं ते बघा. ढाळ १०० ला १ तरी हवा, म्हणजे ७ फुटांत जेमतेम पाऊण ते एक इंच. कोपऱ्यात तळं राहिलं तर ग्राउट (फरशांच्या फटींत भरायचा मसाला) भरून ते जात नाही, फरशी काढावीच लागते.

गच्चीवर हाच प्रयोग मोठा होतो. ५०० चौरस फुटांवर एक इंच पाणी म्हणजे सुमारे १,१८० लिटर, हजार लिटरच्या टाकीत न मावणारं. इथे एक गोम आहे. एप्रिल-मेच्या उन्हात दिवसाला सेंटिमीटरभर पाणी नुसतंच उडून जातं. त्यामुळे पातळी उतरली की लगेच गळतीचा ठपका ठेवू नका. सपाट तळाच्या टबात तेवढ्याच उंचीचं पाणी घालून शेजारी ठेवा आणि दोन्हीकडची घट ताडून बघा. गच्चीची घट जास्त असेल तर पाणी स्लॅबमध्ये मुरतंय.

नळांच्या लाइनसाठी मोटार बंद, सगळे नळ बंद, टाकीतल्या पाण्यावर पेन्सिलची खूण आणि रात्रभर थांबणं. सकाळी खूण उघडी पडली असेल तर आधी फ्लशच्या टाकीत थोडी नीळ टाका. भांड्यात निळं पाणी उतरलं तर दोष व्हॉल्व्हचा. नाहीतर भिंतीतला एखादा जोड.

आता फरशी. रुपयाच्या नाण्याने प्रत्येक फरशी चारही कोपऱ्यांवर आणि मध्ये वाजवा. एखादा कोपरा बद्द वाजला तर चालवून घ्या, पण अर्धी फरशी पोकळ असेल तर खडूने फुली मारा. मालाचे पाच ठिपके ठेवून वर फरशी दाबली, किंवा उन्हात माल आधीच सुकला, की असं होतं. दोन फरशांमध्ये निदान २ मिलिमीटर फट हवी. बिनफटीच्या फरशा दिसतात छान, पण गच्चीवर उन्हाने फुगून तंबूसारख्या वर येतात.

बीमखाली आडवी सरळ चीर दिसली तर वीट आणि काँक्रीटच्या सांध्यावर जाळी न मारताच गिलावा केलाय. दार-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघाली असेल, आणि घर काळ्या मातीवर असेल, तर नुसती लांबी (पुट्टी) भरून घेऊ नका. पाया हलतोय का ते इंजिनिअरला दाखवा.

विजेचं काम इलेक्ट्रिशियन सोबत घेऊनच तपासा. आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, ३० मिलिअँपिअरचा आहे ना, त्याचं टेस्ट बटण दाबल्यावर तो पडतो ना? गीझरचा एक बोर्ड उघडायला लावा: १६ अँपिअरच्या पॉइंटला किमान २.५ चौरस मिलिमीटरची वायर हवी, माप वायरवरच छापलेलं असतं. अर्थिंगची वायर नुसती आत कोंबलेली नाही ना, तेही बघा.

रंग रात्री बघा, बॅटरी भिंतीला समांतर धरून. उंचसखलपणा लगेच उठतो.

मोजमाप स्वतःच्या टेपने घ्या. गिलाव्याच्या बिलात मोठ्या दारं-खिडक्यांची वजावट बहुतेकदा गाळलेली असते. भारतीय मानकाप्रमाणे ०.५ चौरस मीटरपर्यंतची उघडी जागा वजा होत नाही, त्याहून मोठी आणि ३ चौरस मीटरपर्यंतची भिंतीच्या एका बाजूने होते, त्यापुढची दोन्ही बाजूंनी.

उरलेल्या कामांची यादी दोन प्रतींत, तारखेसह, दोघांच्या सह्या घेऊन करा. जादा फरशीचा एक खोका आणि भिंतीत गाडलेल्या पाइपांचे फोटो मागून घ्या. ५ ते १० टक्के रक्कम मागे ठेवायचं कामाआधीच लिहून घेतलं असेल तर ती जूनच्या सरी बघूनच देऊन टाकू नका. सोलापूरचा जोराचा पाऊस सप्टेंबरात पडतो.