क्रोशाच्या ड्रॅगनची मान लटकत असेल तर

बसक्या ड्रॅगनचं डोकं शिवल्यावर दोन दिवसांत मान एका बाजूला कलते. जोडाच्या शिवणीवर चिमटीत धरून दाबलं की दोन्ही बोटं एकमेकांना लागतात, म्हणजे आत भरण उरलेलंच नसतं. ते वर डोक्यात आणि खाली पोटात सरकलेलं असतं.

आणखी फायबर (भरणाचा कृत्रिम कापूस) कोंबलं तर टाके ताणून आतलं पांढरं दिसू लागलं. तार घातली, पण तिचं टोक विणीतून बाहेर आलं. लहान मुलाच्या खेळण्यात तार नकोच. तीनदा उसवलं, अगदी जीव मेटाकुटीला आला.

जमलं ते मानेच्या आत बसवलेल्या, क्रोशानेच विणलेल्या नळीमुळे. सुई २.५ मिमी, लोकर तीच. मॅजिक रिंगमध्ये (ओढून घट्ट होणाऱ्या दोऱ्याच्या फासात) ६ सिंगल क्रोशे (साधे टाके), पुढच्या फेरीत वाढवून १२, मग न वाढवता १४ फेऱ्या. साधारण ७ सेंमीची नळी होते. ती कडक भरून तोंड बंद करायचं.

डोकं आणि धड, दोन्हींची तोंडं १८ टाक्यांची ठेवा. १२ टाक्यांवर आणलीत तर नळी आत जाणार नाही. आधी धड भरा, मधे बोटाने खड्डा करून नळी निम्मी रोवा. उरलेली निम्मी डोक्यात घालून टाक्याला टाका जुळवत शिवा. शेवटचे ४ टाके राहिले की थांबा आणि पेन्सिलीच्या मागच्या टोकाने नळीभोवती फायबरचे छोटे पुंजके चारी बाजूंनी सारखे दाबा. मोठा गोळा घातला तर मान पुन्हा कलते. मग शिवण पुरी करून त्याच दोऱ्याने दुसरा फेरा घाला.

पंख त्यानंतरच लावा.