विस्थापित वस्तीचा सर्व्हे: काय विचारावं, कसं विचारावं

दहा-बारा जणांचा घोळका वस्तीत शिरतो, गल्लीचे फोटो काढतो, चार घरी प्रश्न विचारतो आणि जेवायच्या वेळेला परततो. हा अभ्यास नव्हे, हे गरिबीचं पर्यटन झालं. धारावीत २००६ पासून तिकीट लावून अशा फेऱ्या निघतात. पुण्यात तसं करू नका. गल्लीत एका वेळी दोघंच जा, त्यातली एक बाई असू द्या. चेहऱ्यांचे आणि घरक्रमांकांचे फोटो अजिबात नकोत.

दारात पहिलं वाक्य हेच बोला: "आम्ही पालिकेचे नाही, झोपडपट्टी पुनर्वसनवाल्या एसआरएचे नाही. या माहितीवरून घर मिळणारही नाही, जाणारही नाही." हे बोलायचं राहिलं तर पुढचं सगळं वाया जातं. झोपडीच्या बदल्यात मिळणाऱ्या मोफत घरासाठी १ जानेवारी २००० आधीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो, त्यामुळे हातात कागद घेऊन आलेला प्रत्येक जण लोकांना सरकारी वाटतो. मग भाडेकरू लपतो, एका खोलीत दोन कुटुंबं सांगितली जातात, वास्तव्याचं साल मागे सरकतं. त्याला खोटेपणा म्हणू नका. डोक्यावरचं छप्पर त्या एका तारखेवर टिकून असतं.

म्हणून "कधीपासून राहता?" असं थेट विचारू नका. "थोरली कुठे जन्मली? तिला शाळेत घातलं तेव्हा कुठे राहत होता?" असं विचारा. साल आठवत नसेल तर घटनांची पट्टी जवळ ठेवा: १९६१ चं पानशेत, १९६७ चा कोयनेचा भूकंप, १९७२ चा दुष्काळ, १९९३ चं किल्लारी, २०१८ मध्ये दांडेकर पुलाजवळ फुटलेला कालवा. "दुष्काळात आलो" एवढ्यावर थांबू नका, कारण २००३ लाही दुष्काळच होता. मदतीची सुकडी आणि मिलो ज्वारी आठवत असेल तर तो बहात्तरचा.

३०० घरांतून ६० घ्यायची तर दर पाचवं दार घ्या. त्याला कुलूप दिसलं म्हणून शेजारचं दार वाजवायचा मोह होतो, आणि बहुतेक सर्व्हे इथेच बिघडतात. कुलूप कामावर गेलेल्यांचं असतं. त्यांच्या जागी शेजारी घेतले की यादीत म्हातारी माणसं आणि बेरोजगार तेवढे उरतात. त्याच दाराला तीनदा जा: दुपारी २ ते ४, रात्री साडेसातनंतर आणि रविवारी सकाळी.

सगळ्यात मोठी चूक पुनर्वसनाच्या नव्या इमारतीत होते. तिथे फक्त मोफत घरासाठी पात्र ठरलेले भेटतात. अपात्र आणि भाडेकरू पांगलेले असतात, आणि विस्थापनाचा खरा फटका त्यांनाच बसलेला असतो. पात्र-अपात्र यादी म्हणजे परिशिष्ट २. ते माहिती अधिकारात मागा. अर्जाला १० रुपये, उत्तराला ३० दिवस. शिवाय प्रत्येक घरी विचारा: "जुन्या जागेतले तुमचे शेजारी आता कुठे आहेत?" निम्मे पत्ते फोनमध्येच सापडतात.

इमारतीत घर मिळालं म्हणून हिशेब संपत नाही. कामावर जायची मिनिटं, बसभाडं, लिफ्टचा मेंटेनन्स, लाईट बिल, पाण्याची वेळ हे सगळं आधीचं आणि आताचं शेजारी-शेजारी लिहा. कमाई घरातच होत होती का, तेही विचारा. कचरावेचक बाई झोपडीच्या ओट्यावर भंगार निवडायची. सातव्या मजल्यावर तिचं पोतं ठेवायला जागा नाही, पॅसेजमध्ये ठेवलं तर सोसायटी भांडते. अशा वेळी कमाईचा आकडा आठवड्याचा विचारा, महिन्याचा अंदाजे येतो.

फोटोपास (झोपडीधारकाचं ओळखपत्र), रेशनकार्ड, जुनी बिलं प्लॅस्टिकच्या पिशवीत खिळ्याला टांगलेली असतात. अस्सल कागद दाराबाहेर नेऊ नका. घरातल्या माणसालाच वाचून दाखवायला सांगा आणि तारीख लिहून घ्या. नोंदीत नाव नको, फक्त क्रमांक. नाव-क्रमांकाची जोडयादी वेगळ्या वहीत, कुलपात.

निष्कर्ष छापण्याआधी एक पान साध्या मराठीत लिहून वस्तीत मोठ्याने वाचा. लोक जिथे अडवतील, ते वेगळ्या शाईने तिथेच उतरवून घ्या.