सकाळचा डबा: रात्री काय उरकावं, काय उरकू नये

घरात चार माणसं, दोन बर्नरची शेगडी आणि सातला डबे भरून तयार हवेत. आदल्या रात्री जेवणानंतर २० मिनिटं दिली, तर पोळी, भाजी, वरण-भात हे सगळं सकाळी तासाभरात होतं. पण सगळंच रात्री उरकायला गेलं की सकाळी काळवंडलेली वांगी आणि बुळबुळीत भेंडी हाती येते. त्यामुळे कामांची वाटणी आधी नीट करायला हवी.

गवार, फरसबी, घेवडा, कोबी, फ्लॉवर या भाज्या रात्री चिरून घट्ट झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवल्या तर काही बिघडत नाही. गवारीच्या शिरा काढायला फार वेळ लागतो, तेव्हा ती रात्रीच मोडावी. बटाटे चिरले तर पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवावेत, नाहीतर काळे पडतात. वांगी मात्र सकाळीच चिरावीत. कांदाही तसाच. रात्रभर चिरून ठेवला की उग्र होतो आणि त्याचा वास दुधालाही लागतो. भेंडी रात्री धुवायची, पुसायची आणि पंचावर पसरून वाळवायची. पाणी लागलं की तिचा चिकटपणा सुटतो, म्हणून ओली असताना सुरी लावू नये. मेथी, पालक रात्री निवडून न धुता कोरड्या फडक्यात गुंडाळावेत. धुऊन ठेवलेली पालेभाजी एका रात्रीतच सडायला लागते.

कणीक रात्री मळून ठेवायची की नाही, यावर घरोघरी वाद असतो. ठेवायला हरकत नाही, पण तीन गोष्टी सांभाळाव्यात. ४०० ग्रॅम कणकेला पाणी पाव लिटरच्या आसपास लागतं. रात्रीसाठी त्यातलं चमचा-दोन चमचे पाणी कमीच घालून थोडी घट्ट मळावी, कारण मुरल्यावर ती सैल पडते. वरून तेलाचा हात फिरवून घट्ट डब्यात ठेवावी, हवा लागली की करडी पडते. आणि लाटायच्या अर्धा तास आधी बाहेर काढावी, कारण गार कणीक लाटताना आक्रसते आणि पोळी जाड राहते. एवढ्या कणकेच्या मध्यम आकाराच्या १२-१३ पोळ्या होतात. दुसऱ्या रात्रीपर्यंत मात्र ती ठेवू नये.

आता सकाळचं. पावणेसहाला कणीक बाहेर काढून पहिल्यांदा कुकर लावावा. भाजी आधी टाकली तर कुकर शेवटी लागतो आणि मग त्याची वाफ जिरेपर्यंत सगळे खोळंबतात. कुकरच्या तळाशी दोन वाट्या पाणी घालावं, खाली डाळीचं भांडं, वर भाताचं. रात्री धुऊन फ्रिजमध्ये भिजत ठेवलेल्या एक वाटी तुरीच्या डाळीला अडीच वाट्या पाणी, हळद, हिंग आणि तेलाचे चार थेंब. तेलामुळे फेस कमी येतो आणि वाफेचं तोंड तुंबत नाही. चिंच, आमसूल, टोमॅटो डाळ शिजल्यावरच घालावेत. आंबटात डाळ शिजायला वेळ लावते, आणि बोअरच्या जड पाण्यात तर ती गोटाच राहते. तीन-चार शिट्ट्या, मग पाच मिनिटं मंद आंच. शिटी उचलून वाफ काढण्याचा मोह टाळावा, वरण ओट्यावर उडतं आणि पुसायला जास्त वेळ जातो.

सहा-दहाला कुकर उतरला की मोठ्या बर्नरवर कढई आणि लहानावर तवा. भाजी फोडणीला टाकून वर खोलगट झाकण ठेवावं आणि त्यात वाटीभर पाणी घालावं. आत वाफ थंड होऊन भाजीवर पडते, त्यामुळे ती करपत नाही आणि सारखं ढवळायला लागत नाही. झाकणावरचं गरम झालेलं पाणी लागेल तसं भाजीत घालायचं. तेवढ्यात पलीकडे पोळ्या होतात. गरम पोळ्या डब्यात भरल्या की वाफेचं पाणी सुटून खालची पोळी भिजते. म्हणून त्या जाळीवर किंवा सुती फडक्यावर सुट्या पसराव्यात आणि भरायचं काम शेवटी ठेवावं.

मिक्सरची कामं सकाळी काढूच नयेत. आवाज होतो, भांडं धुवावं लागतं आणि नेमकी तेव्हाच वीज जाते. आलं-लसूण-मिरचीचं वाटण आठवड्याला एकदा करून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवावं. एक खण म्हणजे साधारण एक मोठा चमचा, एका भाजीला पुरतो. दाण्याचं कूट अर्धा किलोचं करावं. दाणे मध्यम आंचेवर भाजून पूर्ण गार झाल्यावरच फिरवायचे, गरम असताना तेल सुटून गोळा होतो. १५ दिवसांपेक्षा जास्त पुरणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवावं, नाहीतर खवट होतं.

मटकीही अशीच आठवड्याच्या हिशेबात बसवता येते. शनिवारी सकाळी भिजत घातली आणि रात्री फडक्यात घट्ट बांधली की रविवारी मोड येतात, थंडीत अर्धा दिवस जास्त लागतो. मोड आलेली मटकी फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकते. बुळबुळीत लागली किंवा आंबूस वास आला तर टाकून द्यावी.

राहिला डब्यांचा प्रश्न. झाकणं आणि पाण्याच्या बाटल्या संध्याकाळी घरी आल्या आल्या धुवायला पडायला हव्यात. सातला पाच मिनिटं कमी असताना दप्तरातून कालचा डबा निघाला, तर वर लिहिलेलं काहीच उपयोगाचं नाही.