नेमबाजी प्रशिक्षण राज्यभर न्यायचंय? या चुका टाळा

विस्ताराच्या पहिल्या बैठकीत आम्ही राज्याचा मोठा नकाशा भिंतीवर लावला होता. चालू केंद्रांना हिरव्या टाचण्या, पुढच्या वर्षी सुरू करायच्या केंद्रांना पिवळ्या. दोन तासांत पिवळ्या टाचण्यांची डबी रिकामी झाली आणि सगळे खुशीत होते. उठता उठता आमच्यातल्या सर्वांत जुन्या रेंज ऑफिसरने, म्हणजे नेमबाजीच्या जागेवरची सुरक्षा बघणाऱ्याने, विचारलं, "या प्रत्येक टाचणीपाशी शनिवारी सकाळी सात वाजता लाइनवर, नेमबाज उभे राहतात तिथे, उभं कोण राहणार?"

कोणी काही बोललं नाही. पुढची दोन वर्षं जिथे जिथे फसलो, तिथे शोधत मागे गेलं की वाट त्याच प्रश्नापाशी येऊन थांबायची. म्हणून या लेखातल्या बहुतेक चुका माणसांच्या आहेत. रायफली, जागा, पैसा हे त्यामानाने लवकर सुटतं.

लेन मोजल्या, माणसं मोजलीच नाहीत

हिशेब कागदावर करून बघा. 20 लेनची, म्हणजे एका वेळी 20 जण मारू शकतील अशी रेंज, नवख्यांचं दोन दिवसांचं शिबिर. पाच नवख्यांमागे एक प्रशिक्षक धरला तर चार झाले. एक रेंज ऑफिसर, जो कोणालाही काहीही शिकवणार नाही, फक्त लाइन बघेल. एक जण नोंदणी आणि साहित्याला. आणि एक जास्तीचा, कारण आदल्या रात्री कोणाचा तरी "जमत नाहीये" असा निरोप येतोच. म्हणजे सात. वर्षाला 30 शिबिरं करायची तर 210 हजेऱ्या लागल्या.

स्वयंसेवक "महिन्यातून एकदा नक्की" म्हणतो तेव्हा आपण मनात 12 लिहितो. घरची कार्यं, मुलांच्या परीक्षा, नोकरीतली गडबड वजा जाता हातात सात उरतात. यात त्याचा काही दोष नाही, नियोजन करणाऱ्याने धरायचा आकडाच सात आहे. 210 भागिले 7, म्हणजे 30 तयार माणसं हवीत, तीही राज्यात पसरलेली. आमच्याकडे 16 होती आणि त्यातली बहुतेक एकाच शहरात. 16 माणसांत 16 शिबिरं होतात. आम्ही 30 जाहीर केली होती.

मग काय झालं असेल ते सांगायला नको. सहा-सात उत्साही माणसं दर शनिवार-रविवार गाडीत बसून फिरत राहिली आणि वर्ष संपायच्या आत त्यांतली तिघं थकून बाजूला झाली. प्रशिक्षक गळायला लागले की "लोकांमध्ये निष्ठा राहिली नाही" असं म्हणायची सवय असते. आधी हजेरीपट उघडा. तीच ती चार नावं प्रत्येक शिबिरात दिसत असतील तर गळतीचं कारण तुमच्या वेळापत्रकातच आहे.

आता आम्ही उलटं मोजतो. आधी तयार माणसं, मग शिबिरं, मग नकाशा. नव्या भागातून बोलावणं आलं की पहिला प्रश्न असतो, "तुमच्याकडचे दोन जण आमच्या चालू केंद्रावर येऊन शिकतील का?" हो म्हणाले तर पुढे बोलू. नुसतं "रेंज तयार आहे, तुम्ही या" असं असेल तर गोडीत नाही म्हणतो. वाईटपणा येतो, पण तो परवडतो.

चांगला नेमबाज दिसला की त्याच्या हाती शिट्टी

पदकं मिळवलेला माणूस आपोआप शिकवू शकतो हा समज जबरदस्त आहे. एक प्रसंग सांगतो. शिकाऊ मुलीच्या टार्गेटवर पाच छिद्रं. तीन मध्याच्या जरा खाली, एकमेकांना चिकटून. दोन त्याहून बरीच खाली. शेजारी उभा असलेला आमचा उत्तम नेमबाज पुढे झाला, मागच्या साईटची (नेम धरायच्या साधनाची) फिरकी चार क्लिक फिरवली आणि म्हणाला, "आता मार." पुढच्या पाचांत तीन मध्याच्या वर, आणि दोन पुन्हा तशाच भरकटून खाली. त्याने परत फिरकीला हात घातला.

खरं काय चाललं होतं? पेलेट (एअर रायफलची शिशाची छोटी गोळी) सुटता सुटता ती मुलगी कुठे लागलं ते बघायला गाल बटावरून, म्हणजे रायफलीच्या मागच्या भागावरून, उचलत होती. दर वेळी नाही, मधूनच. टार्गेटकडे बघणाऱ्याला हे दिसत नाही; मुलीकडे बघणाऱ्याला दिसतं. न भरलेल्या रायफलीवर दहा वेळा ड्राय फायरिंग करून घेतलं, घोडा दाबल्यावर मनात दोन आकडे मोजेपर्यंत गाल हलवायचा नाही एवढंच सांगितलं, आणि पाचही छिद्रं एकत्र आली. फिरकीचं काम त्यानंतर, एकदाच. ग्रुप, म्हणजे छिद्रांचा एकत्र पुंजका, बसल्याशिवाय साईटला हात लावायचा नाही हे त्या नेमबाजालाही माहीत होतं. स्वतःच्या बाबतीत तो ते पाळतही होता. समोरच्याला शिकवताना घाई झाली.

10 मीटर एअर रायफलच्या टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि पेलेट साडेचार मिलिमीटरचा. इतक्या बारीक खेळात चूक शोधायची नजर वेगळी कमवावी लागते. उभ्या रेषेत पसरलेली छिद्रं दिसली की श्वासाकडे बघायचं, दोन वेगळे ग्रुप पडले की मध्येच उभं राहणं किंवा गालाची जागा बदलली का ते विचारायचं. हे पुस्तकातून वाचून होत नाही, कोणाच्या तरी शेजारी उभं राहून होतं.

त्यासाठी पायऱ्या हव्यात आणि त्या सगळ्यांना दिसायला हव्यात. अमेरिकेत प्रोजेक्ट ॲपलसीड नावाचा स्वयंसेवकांनी चालवलेला रायफल प्रशिक्षणाचा कार्यक्रम आहे. तिथे शिकाऊ प्रशिक्षकाच्या डोक्यावर केशरी टोपी असते, पूर्ण प्रशिक्षकाच्या लाल. रंग महत्त्वाचा नाही. लाइनवर उभ्या नवख्याला, आणि मुख्य म्हणजे खुद्द त्या शिकाऊ प्रशिक्षकालाही, आपल्याला काय करायची मुभा आहे हे एका नजरेत कळतं, ते महत्त्वाचं. आम्ही दंडाला पट्ट्या बांधतो. पट्टीचा रंग बदलायचा तर दोन वेगवेगळ्या केंद्रांवरच्या जुन्या प्रशिक्षकांनी स्वतः बघून होकार द्यावा लागतो. एकाच केंद्राचा होकार चालत नाही, कारण माणसं कमी पडली की आपल्या माणसाला वर ढकलायचा मोह प्रत्येकाला होतो. मलाही झालाय.

प्रत्येक केंद्राची आपापली बोली

माझ्या मते वाढीतला सर्वांत मोठा धोका हाच. आमच्या दोन केंद्रांचं पहिलं एकत्र शिबिर होतं. मध्येच वाऱ्याने टार्गेटच्या बाजूच्या दाराची कडी उघडली आणि दार हलायला लागलं. रेंज ऑफिसर ओरडला, "सीझ फायर!" लाइन थांबली, फक्त सहा ते आठ या लेनवरच्यांनी पुढचा पेलेट मारला. ती मुलं दुसऱ्या केंद्राची. त्यांना "स्टॉप" शिकवलेलं होतं. हे काय ओरडतायत हे कळायला त्यांना जो क्षण लागला, तो घोड्यावर बोट असताना लागला. दारात कोणी नव्हतं, काही झालं नाही. मात्र त्या रात्री कोणालाही जेवण गेलं नाही.

आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या स्पर्धांत लोड, स्टार्ट, स्टॉप, अनलोड असे ठरलेले शब्द आहेत. तुम्ही मराठी शब्द ठेवा, इंग्रजी ठेवा, पण राज्यभर एकच ठेवा आणि प्रत्येक लाइनच्या मागे मोठ्या अक्षरांत लावा. "थांबा" कोणीही ओरडू शकतो, पहिल्या दिवसाचा नवखासुद्धा. परत सुरू करायचा हुकूम मात्र एकाच माणसाचा. आणि रायफल खाली ठेवली की नळीत सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी आहे हे दाखवणारी रंगीत पट्टी), मग ती एअर रायफल का असेना. "एअरच तर आहे" हे वाक्य ज्या केंद्रावर ऐकू येतं, तिथे पुढचं शिबिर मी स्वतः जाऊन बघतो.

यावर नेहमी तक्रार येते की वरून सगळं लादलं तर स्थानिक लोकांचा उत्साह जातो. बरोबर आहे. म्हणून सुरक्षा, हुकूम आणि पहिल्या दिवसाचा धडा एवढंच पक्कं बांधलेलं असू दे. शिबिराची वेळ, गंमतीच्या स्पर्धा, कोणाला काय बक्षीस, यात डोकं घालू नका.

नवी जागा फोटोवरून पास

फोटोत सगळ्या रेंज चांगल्या दिसतात. टेप घेऊन जा. एका ठिकाणी 10 मीटर भिंतीपासून मोजले होते आणि टार्गेट भिंतीच्या अर्धा मीटर पुढे टांगलं होतं. मुलं साडेनऊ मीटरवरून महिनाभर मारत होती आणि गुण बघून खूश होती. नियमात 10 मीटरला पाच सेंटिमीटरचीच सूट आहे, तेही फायरिंग लाइनपासून टार्गेटच्या दर्शनी बाजूपर्यंत. टार्गेटचा मध्य जमिनीपासून 1.4 मीटरवर हवा, तोही बघा.

दुसरं, देणगीत आलेल्या रायफली. आल्या की आनंद होतो, पण दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवरची तारीख आधी वाचा. उत्पादक साधारणपणे 10 वर्षांची मुदत देतात आणि आत 200 किंवा 300 बारचा दाब असतो. मुदत संपलेला सिलिंडर "अजून चांगला आहे" म्हणून वापरायचा नसतो. आमच्याकडे एका खेपेत आलेल्या सहापैकी चार बाद झाले, म्हणजे रायफली होत्या आणि हवा नव्हती. सिलिंडर कुठे भरून मिळणार हेही केंद्र उघडण्याआधीच शोधा. आणि सगळ्या रायफली उजव्या हाताच्या घेऊ नका; दहांत एखादा डावखुरा असतोच, शिवाय उजव्या हाताचे पण डाव्या डोळ्याने नेम धरणारे निघतात ते वेगळेच.

शिशाबद्दल मात्र सगळीकडे हयगय दिसते. शिबिर संपलं की कोणीतरी कामसू माणूस झाडू घेऊन टार्गेटखालची जमीन झाडायला लागतो. थांबवा त्याला. कोरड्या झाडूने शिशाची धूळ हवेत उडते आणि नाकातोंडात जाते. ओल्या फडक्याने किंवा बारीक धूळ अडवणाऱ्या फिल्टरच्या व्हॅक्यूमने काढायची. लाइनवर खाणं-पिणं बंद, आणि बाहेर पडताना साबणाने हात धुणं सक्तीचं. मुलांना शिशाचा त्रास मोठ्यांपेक्षा जास्त होतो, आणि विस्तारानंतर तुमच्याकडे येणारे निम्म्याहून जास्त बहुधा मुलंच असतील.

कायद्याचं काम "करून घेऊ" म्हणून मागे ठेवू नका. कोणतं हत्यार कोणाच्या नावावर, कोणत्या वयाला काय चालतं, ने-आण कशी करायची, हे लेखी हातात आल्याशिवाय तारीख जाहीर करू नका.

लांब रेंजची वाट बघणं

ही उलट्या दिशेची चूक. "300 मीटरची जागा मिळाली की सुरू करू" म्हणत कित्येक गट वर्षानुवर्षं बसून राहतात. वर उल्लेख केलेल्या ॲपलसीडमध्ये 25 मीटरवरच 100 ते 400 यार्डांचा भास होईल अशी लहान केलेली टार्गेट वापरतात. आकृती अंतराच्या प्रमाणात लहान केली की कोन तोच राहतो. वारा आणि पेलेट किंवा गोळीचं खाली पडणं त्यात येत नाही हे खरं, पण उभं राहणं, श्वास, घोडा या गोष्टी 25 मीटरवर, 10 मीटरवरही, पूर्ण शिकता येतात.

मुलं आहेत, म्हणून

कोणताही प्रशिक्षक कोणत्याही अल्पवयीन मुलाबरोबर एकटा नसेल. रेंजवर नाही, गाडीत नाही, फोनवरच्या खासगी निरोपांतही नाही. फोनवरच्या गटात पालक हवेतच. लहान गावात सगळे सगळ्यांना ओळखतात, तिथे हा नियम अपमानासारखा वाटतो. समजूत काढत बसू नका. तो जसाच्या तसा ठेवा.

आकडे चुकीचे मोजले

वार्षिक अहवालात "इतक्या जणांना प्रशिक्षण दिलं" हा आकडा छान दिसतो, पण पुढच्या वर्षाबद्दल तो काहीच सांगत नाही. मी दोन गोष्टी बघतो. शिबिर केलेल्यांपैकी किती जण पुढे मदतीला आले? आणि केंद्राकडून "थोडक्यात वाचलो" अशा किती नोंदी आल्या? या नोंदी वाढल्या तर घाबरू नका, लोक खरं सांगायला लागलेत. वर्षभर एकही नोंद नाही असं केंद्र मला जास्त सतावतं. दोनशे माणसं रायफल हातात घेऊन गेली आणि एकदाही कोणाची नळी चुकीच्या दिशेला वळली नाही, हे मला पटत नाही. नोंद करणाऱ्याला बोलणी खावी लागली की पुढची नोंद येत नाही, एवढं साधं आहे ते.

पैशाचं एकच सांगतो. प्रत्येक केंद्राने शिबिराच्या शुल्कातून स्वतःचे पेलेट, टार्गेट आणि विमा भागवायला हवा. मध्यवर्ती निधी फक्त पहिल्या खेपेच्या साहित्याला आणि प्रशिक्षकांच्या प्रवासाला. चालू खर्च मध्यवर्ती निधीवर टाकला की एका वर्षी देणगी आटते आणि पाच केंद्रं एकदम बंद पडतात.

एका माणसाचं केंद्र

बाहेरून ही चूक दिसत नाही, कारण असं केंद्र बहुतेक वेळा सर्वांत छान चालतं. तो माणूस झपाटलेला असतो, चाव्या त्याच्याकडे, पालकांचे नंबर त्याच्याकडे, सिलिंडर भरून आणणारा तोच. मग त्याची बदली होते.

म्हणून केंद्र पक्कं झालं असं जाहीर करण्याआधी आम्ही एक शिबिर मुख्य माणसाला घरी बसवून करतो. फोनही बंद ठेवायचा. मागच्या वेळी एका केंद्रावर असं केलं तेव्हा सात वाजता लाइन उघडायची होती, ती आठला वीस मिनिटं असताना उघडली. सेफ्टी फ्लॅगची पेटी कपाटात होती, कपाटाची किल्ली मुख्य माणसाच्या खिशात होती, आणि फ्लॅगशिवाय लाइन उघडायची नाही असं दुसऱ्या फळीतल्या मुलीने ठरवलं. ती चाळीस मिनिटं तिने वीस जणांना ओळीत उभं करून हुकूम पाठ करून घेतले, तोवर कोणीतरी किल्ली आणली. मुख्य माणूस नंतर उशिराबद्दल माफी मागत होता. आम्ही दुसरी किल्ली करून घ्यायला सांगितली, आणि केंद्र पास केलं.