किक मारण्याआधी सातबारा बघा

डर्ट बाइकची, म्हणजे कच्च्या वाटांवर चालवायच्या मोटरसायकलची, तयारी टायरच्या हवेपासून नको, सातबाऱ्यापासून सुरू करा. पुण्याच्या आसपास आम्ही गाड्या शिकलो ते माळ एकेक करून बंद झाले. कुठे चर खणले गेले, कुठे वाटेला काटेरी तार आली, उरलेलं प्लॉटिंगमध्ये गेलं. जे शिल्लक आहे ते आपल्याच चुकीने जाऊ नये, एवढ्यासाठी हा खटाटोप.

गावात विचारून गट नंबर घ्या आणि महाभूलेखवर उतारा उघडा. वन विभागाचं नाव दिसलं की ती वाट सोडा. राखीव वनात विनापरवाना घुसणं १९२७ च्या वन अधिनियमाच्या कलम २६ खाली गुन्हा आहे. कोयना-चांदोलीसारख्या अभयारण्याच्या किंवा राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत तर १९७२ चा वन्यजीव कायदा लागतो. गायरान असेल तर ग्रामपंचायतीत जा. खासगी असेल तर मालकाला घरी जाऊन भेटा, गाड्या किती, वाट कुठली, तारीख काय ते कागदावर लिहा आणि सही घ्या. फोनवरचं "या की" पुरत नाही, कारण शेजारच्या गटाचा मालक वेगळा असतो आणि बांध मधेच संपतो.

पावसाळ्यात आदल्या संध्याकाळी जिल्हाधिकाऱ्यांचे आदेशही बघा. धबधबे, गड, धरणांच्या परिसरात बंदी येते. पूर्वी ती कलम १४४ खाली यायची, जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली येते.

आता सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं कातळ पठार. जून ते ऑक्टोबर सड्यावर चाक घालूच नका, परवानगी असली तरी. कास २०१२ पासून जागतिक वारशात आहे, तिथे राखण आहे. पण आपल्याकडच्या कितीतरी सड्यांना साधं कुंपण नाही. जांभ्यावर माती कुठे कुठे बोटभर, तिच्यातच गेंद, दवबिंदू, सीतेची आसवं उगवतात. मी एकदा ऑगस्टमध्ये असाच गेलो होतो. जाड गाठींच्या नॉबी टायरने माती खरवडून खालचा लाल कातळ उघडा पडला. पुढच्या वर्षी पायी जाऊन पाहिलं, तर त्या चाकोरीत नुसतं पाणी साचलेलं, दोन्ही बाजूंना फुलं आणि मधे माझा पट्टा.

गाडीचं म्हणाल तर कावासाकी केएक्ससारखी निव्वळ स्पर्धेची गाडी रस्त्यावर चालवताच येत नाही. ती पिकअपमध्ये घालून बंदिस्त ट्रॅकवरच न्या. हिरोच्या एक्सपल्ससारखी पासिंग झालेली असेल तर आरसी, विमा, पीयूसी सोबत ठेवा आणि कंपनीचा सायलेन्सर काढू नका. आवाजानेच गाव बिथरतं. भाच्याला चालवायला द्यायचा मोह होईल. अठराच्या आतलं पोर रस्त्यावर सापडलं, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो.

हेल्मेट, बूट, गुडघ्याचे गार्ड, जास्तीची क्लच केबल, पाणी. एकट्याने जायचं नाही.

गुरं दिसली की इंजिन बंद करा आणि ती पुढे जाईपर्यंत थांबा. परतताना गडग्याचे ढासळलेले दगड पुन्हा रचा, कवाड लावा आणि मालकाच्या दारात जाऊन "काका, आम्ही निघालो" म्हणून या.