उसाची ट्रॉली पुढे असताना सांगलीत गाडी कशी चालवावी

दिवाळीच्या सुमारास कारखान्यांची धुराडी पेटली की सांगलीच्या रस्त्यांचा नूरच बदलतो. वसंतदादा कारखाना शहराला लागून, भोवतालचा मुलूख उसाचा. त्यामुळे दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर रिक्षा, एसटी आणि शाळेच्या व्हॅनच्या गर्दीतूनच वाट काढतो. त्याच्या ड्रायव्हरला मागचं दिसत नाही. आरसा असलाच तर त्यात मोळ्या दिसतात. टेप चालू असेल तर हॉर्नही ऐकू जात नाही. म्हणून हॉर्न मारून घुसायची सवय आधी सोडा.

सगळ्यात जीवघेणी जागा म्हणजे ट्रॉलीची डावी बाजू. चौकात डावीकडे वळायचं असलं की ड्रायव्हर ट्रॅक्टर आधी उजवीकडे काढतो, कारण ट्रॉलीची चाकं ट्रॅक्टरच्या चाकोरीतून जात नाहीत, आतून कापत येतात. दुसरी ट्रॉली पहिलीपेक्षाही आत येते. ट्रॅक्टर उजवीकडे गेला की डावीकडे छान मोकळी फट दिसते आणि मोपेडवाला तिच्यात शिरतो. तीन-चार सेकंदांत ती फट मिटते. एका अंगाला ट्रॉलीचं चाक, दुसऱ्या अंगाला फूटपाथची कड, मागे यायला जागा नाही.

त्यामुळे चौकाआधी ट्रॅक्टर उजवीकडे सरकला तर तो डावीकडे वळणार असंच धरा, इंडिकेटरची वाट बघू नका. मागच्या ट्रॉलीपासून 10 मीटर मागे थांबा आणि ती वळून सरळ होईपर्यंत हलू नका. सिग्नललाही ट्रॉलीच्या बाजूला उभं राहू नका. पुलाच्या चढावर तर अंतर आणखी वाढवा. ओझं जास्त असलं की चढाला ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलतात, मग स्टिअरिंग ऐकत नाही आणि गाडी मागेही येऊ शकते.

ओव्हरटेक फक्त उजवीकडून, तोही हिशोब करून. ट्रॅक्टर ताशी 20 किलोमीटरने चाललाय आणि तुम्ही 40 ने, असं धरू. दोन ट्रॉल्यांसकट त्याची लांबी साधारण 15 मीटर, मागे-पुढे 10-10 मीटर सोडले तर त्याच्यापेक्षा 35 मीटर जास्त कापायचे. त्याला सहा-साडेसहा सेकंद लागतात, तेवढ्यात तुम्ही सुमारे 70 मीटर जाता. समोरचाही 40 ने येत असेल तर तोही तेवढाच पुढे येतो. म्हणजे दुभाजक नसलेल्या रस्त्यावर समोर किमान 150 मीटर मोकळे दिसत नसतील तर मागेच राहा. पुढे गेल्यावर लगेच डावीकडे घेऊन ब्रेक मारू नका. ट्रॉल्यांना बहुधा स्वतःचे ब्रेक नसतात, ट्रॅक्टरचा ब्रेक दाबला तरी मागचं कित्येक टनांचं ओझं त्याला ढकलत राहतं.

रस्त्यावर पडलेल्या उसाच्या कांड्या आणि वाडं (उसाचे हिरवे शेंडे) टू-व्हीलरला फार घातक. गोल कांडं चाकाखाली बेअरिंगसारखं फिरतं. ते चुकवायला हँडल झटकू नका, पुढचा ब्रेक दाबू नका. ॲक्सिलरेटर सोडा, हँडल सरळ धरा आणि कांडं काटकोनात ओलांडा. चालत्या ट्रॉलीतून ऊस ओढायला पोरं धावतात, त्यांना तिथल्या तिथे हटका. मोळी सैल होते आणि पोरगं मागच्या चाकाकडे ओढलं जातं.

रात्री पंक्चर होऊन कडेला उभी राहिलेली ट्रॉली हा वेगळाच धोका. टेललॅम्प नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेले. लो बीममध्ये साधारण 30-40 मीटरच दिसतं आणि ताशी 60 च्या वेगात कोरड्या रस्त्यावरही गाडी थांबायला 40 मीटर लागतात. 40 च्या वेगात 20-22 मीटर पुरतात. हंगामात अंधार पडल्यावर शहराबाहेरच्या रस्त्यांवर 40 च्या वर जाऊ नका. ट्रॅक्टरवाल्यांनी चिंध्यांचा एक बोळा सीटखाली ठेवावा आणि कारखान्याच्या रांगेत उभं असताना रिफ्लेक्टर पुसून घ्यावेत. गाडी बंद पडलीच तर दगडांवर न भागवता 50 मीटर मागे कुणालातरी बॅटरी घेऊन उभं करावं. आणि निघताना ते दगड रस्त्यातून उचलावेत.