लेकरांच्या कामाची नोंद: भिंतीवर का मोबाईलमधी?

आधी लेकरू किती वर्षांचं ते बघा. सात-आठ वर्षांच्या पोराला टिक करायला मोबाईल दिला की टिक राहते बाजूला अन् ते रील बघत बसतं, आमच्या घरी चार दिवस हेच झालं. मग मी सरळ स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयच्या पानाशेजारी वहीचा कागद चिकटवला, वर तीनच कामं लिहिली, रांजण भरणं, चपला ओळीत लावणं, ताट उचलून घासायला ठेवणं, अन् खडू-पेन्सिल दोऱ्यानं तिथंच बांधून टाकली (नाहीतर पेन्सिल शोधण्यातच संध्याकाळ जाते). लेकरू स्वतः फुली मारतं, पाहुणे आले की दाखवतं, लाईट गेली तरी काही अडत नाही.

पण तेरा-चौदाच्या पोरीला तो कागद बाळबोध वाटायलाय. तिच्यासाठी गूगल कीप ह्या नोंदी ठेवायच्या ॲपमधी यादी केली अन् तिच्या बापालाबी त्यात जोडलं, ते कामासाठी परभणीला असतेत, पण तिनं टिक केलं की त्यांना तिकडं दिसतं. रोज नसणारी कामं मात्र मोबाईलमधीच बरी, रिमाइंडर वाजतो. आमच्या लातूरला 2016 च्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, त्यामुळं नळाचा दिवस चुकवणं घरात कुणालाच परवडत नाही, तेवढ्यासाठी अलार्म माझ्याच फोनमधी.

कागद दर रविवारी बदला, जुना झाला की लेकरं त्याच्याकडं बघतबी नाहीत.